मेड-पेड्स: बोर्डं दोन मिळतात, पण रुग्ण दोन्हीकडचे राहतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाराष्ट्रातून एमबीबीएस, यूएसएमएलईच्या, म्हणजे अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षा आटोपलेल्या, यंदाच्या मॅचसाठी, म्हणजे तिथल्या रेसिडेन्सीच्या (पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या) जागावाटपासाठी, इंटर्नल मेडिसिनच्या (मोठ्यांच्या आजारांच्या शाखेच्या) सात-आठ मुलाखती आणि त्यांच्या जोडीला दोन मेड-पेड्स प्रोग्रॅमच्या, म्हणजे मोठ्यांचं मेडिसिन आणि मुलांचं पेडियाट्रिक्स एकत्र शिकवणाऱ्या. आता रँक लिस्ट, म्हणजे प्रोग्रॅमच्या पसंतीक्रमाची यादी, लावायची आहे. मेड-पेड्सला एक वर्ष जास्त जातं. ते घालवून पुढे मोठ्यांना आणि मुलांना, दोघांनाही खरंच तपासता येतं का, की शेवटी एकच काहीतरी होऊन बसतं? फेलोशिप (रेसिडेन्सीनंतरचं उपशाखेचं प्रशिक्षण), व्हिसा आणि पुढेमागे भारतात परतणं यांचं काय?

दोन्ही करता येतं आणि मेड-पेड्स झालेले बहुसंख्य डॉक्टर कमीअधिक प्रमाणात दोन्ही करतातही. मात्र ते आपोआप टिकत नाही. दोन प्रमाणपत्रं प्रशिक्षणातून मिळतात, पण दोन प्रकारचे रुग्ण टिकतात ते पहिल्या नोकरीचा करार, क्लिनिकची रचना आणि हॉस्पिटलच्या प्रिव्हिलेजेस (तिथे रुग्ण दाखल करण्याची, तपासण्याची परवानगी) यांवर. तिकडे लक्ष दिलं नाही तर तीन-चार वर्षांत पारडं मोठ्यांकडे झुकतं. उलट्या दिशेने झुकलेलं क्वचितच दिसतं.

आधी प्रशिक्षणाचं गणित. इंटर्नल मेडिसिन आणि पेडियाट्रिक्सच्या अमेरिकन बोर्डांनी, म्हणजे तज्ज्ञतेचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनी, या एकत्र रेसिडेन्सीला १९६७ मध्ये मान्यता दिली. वेगवेगळ्या केल्या तर ३ अधिक ३ अशी सहा वर्षं लागतात. इथे २४ महिने मेडिसिन आणि २४ महिने पेड्स करून चार वर्षांनी दोन्ही बोर्डांना बसता येतं. दोन वर्षं वाचतात ती मुख्यतः इलेक्टिव्हमधून आणि दोन्हीकडे चालणाऱ्या सामायिक कामातून. वॉर्ड, आयसीयू आणि नवजात अतिदक्षता यांत फारशी सूट मिळत नाही, त्यामुळे चारही वर्षं दाटीवाटीची जातात. देशभरात ७५-८० प्रोग्रॅम आहेत आणि वर्षाला चारशेच्या आसपास जागा. मेडिसिनच्या जागा दहा हजारांच्या घरात. त्या चारशेतल्या बहुतेक अमेरिकेतच शिकलेल्यांकडे जातात. परदेशी पदवीधराला दोन मुलाखती मिळणं हीच मोठी गोष्ट आहे, पण लिस्टमध्ये त्यांच्याखाली मेडिसिनचे प्रोग्रॅम भरपूर ठेवायला हवेत हेही त्याच कारणाने.

दर तीन-चार महिन्यांनी बाजू बदलते, आणि सगळ्यात जास्त चुका बदलानंतरच्या पहिल्या आठवड्यात होतात. काल ७० किलोच्या माणसाला ताशी ११० मिली सलाइन लिहिणारा हात आज १० किलोच्या बाळाला ताशी ४० मिली लिहितो. सूत्र एकच: पहिल्या १० किलोंना किलोमागे ४, पुढच्या १० ला २, उरलेल्यांना १. मोठ्यांमध्ये मात्र ते पाठ असायची गरज कुणाला पडत नाही. चार महिन्यांच्या बाळाची १४० नाडी बघून मेडिसिनहून आलेला रेसिडेंट दचकतो, आणि पेड्सहून परतलेला ऐंशी वर्षांच्या आजींना वजनाप्रमाणे डोस बरोबर काढून देतो पण क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, बघायचं विसरतो. डायबेटिक कीटोअॅसिडोसिस (मधुमेहात रक्त आम्लधर्मी होण्याची गंभीर अवस्था) हे तर ठळक उदाहरण. मोठ्यांमध्ये द्रव सढळ हाताने देतात, मुलांमध्ये मेंदूला सूज येईल ही धास्ती असल्यामुळे तेच मोजूनमापून आणि हळूहळू. चांगले प्रोग्रॅम बदलाच्या आधी अर्धा दिवस उजळणीला देतात, सुमार प्रोग्रॅम आदल्या रात्रीच्या कॉलवरून थेट दुसऱ्या बाजूच्या राउंडला पाठवतात. मुलाखतीत हे विचारण्यात काहीच गैर नाही.

चौथ्या वर्षानंतर परीक्षा लागोपाठ येतात. मेडिसिनचं बोर्ड साधारण ऑगस्टमध्ये, पेड्सचं ऑक्टोबरमध्ये, आणि मध्ये नव्या नोकरीचे पहिले दोन महिने. पेड्स पुढच्या वर्षावर ढकलायचा मोह होतो. तसं करू नये. नोकरी मोठ्यांकडे झुकलेली असेल तर वर्षभरात पेड्सचं निम्मं डोक्यातून जातं आणि फी पुन्हा भरावी लागते ती वेगळीच.

आता पुढे कोण कुठे जातं ते. ढोबळ वाटा तीन: बाहेरच्या क्लिनिकमधली प्राथमिक सेवा, हॉस्पिटलिस्ट (हॉस्पिटलात दाखल झालेलेच रुग्ण बघणारा डॉक्टर) आणि फेलोशिप करून उपशाखा. प्राथमिक सेवेवर जास्त लिहितो, कारण पारडं कसं झुकतं ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

नोकरीच्या जाहिरातीत 'सर्व वयोगटांचे रुग्ण' असं लिहिलेलं असतं. क्लिनिक दाखवायला नेतील तेव्हा खोल्या बघण्याआधी लसींचा फ्रिज बघा. मुलांच्या बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायच्या असतात, कांजिण्यांची उणे १५ च्या खाली. म्हणजे स्वतंत्र फ्रिज, स्वतंत्र फ्रीझर, आत तापमान टिपत राहणारा डेटा लॉगर आणि वीज गेली तर साठा कुठे न्यायचा याची लेखी योजना. शिवाय गरीब मुलांसाठी सरकारकडून फुकट येणाऱ्या लसींचा साठा आणि खासगी विम्याच्या मुलांसाठी विकत घेतलेला साठा वेगळे ठेवावे लागतात, नोंदीही वेगळ्या. सरकारी योजना १९९४ पासून चालू आहे आणि तिचे तपासनीस अचानक येतात. विकतच्या साठ्यात न्यूमोकोकलचा एकेक डोस दोनशे डॉलरच्या वर जातो, म्हणजे भरलेल्या फ्रिजमध्ये हजारो डॉलर अडकलेले असतात. मोठ्यांचंच काम करणारी क्लिनिकं या भानगडीत पडत नाहीत. त्यांच्याकडे फ्लू, धनुर्वाताचा बूस्टर, नागिणीची लस एवढंच असतं. मग दोन महिन्यांचं बाळ आलं की त्याची डीटीएपी, हिब, न्यूमोकोकल आणि पोलिओची लस कोण देणार? आईला आरोग्य खात्याच्या केंद्रावर पाठवतात. ती एकदा जाते, आणि चार महिन्यांच्या लसीला थेट शेजारच्या बालरोगतज्ज्ञाकडे वळते. इथे डॉक्टरची तपासणी कितीही चांगली झालेली असो, बाळ गेलं ते फ्रिज नसल्यामुळे.

फ्रिजबरोबर आणखी चार गोष्टी बघून घ्याव्यात. तान्ह्या बाळांचा वजनकाटा आणि लांबी मोजायची पाटी आहे का, बीपीचे लहान पट्टे आहेत का, मुलाला धरून मांडीत सुई देता येणारी निदान एक सहायिका आहे का, आणि अपॉइंटमेंट देणाऱ्या काउंटरच्या संगणकात वीस मिनिटांची बाळ-तपासणी हा प्रकार भरलेला आहे का. हा शेवटचा मुद्दा फालतू वाटतो, पण तो प्रकार संगणकात नसला की काउंटरवरची मुलगी 'डॉक्टरांकडे महिनाभर वेळ नाही' असं सांगून मोकळी होते. तीन दिवसांच्या बाळाला महिन्यानंतरची वेळ काय कामाची!

बाळं येतात कुठून, हाही प्रश्न आहे. ती जाहिरातीने येत नाहीत, प्रसूतिकक्षातून येतात. ज्या हॉस्पिटलात बाळंतपणं होतात तिथल्या नर्सरीत, म्हणजे नवजात बाळांच्या कक्षात, राउंड घेण्याची परवानगी असेल आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना तुमचं नाव माहीत असेल तरच. अमेरिकेतल्या वेळापत्रकानुसार घरी गेलेल्या बाळाच्या पहिल्या वर्षातच सात भेटी ठरलेल्या असतात: ३ ते ५ दिवस, १, २, ४, ६, ९ आणि १२ महिने. पुढे १५, १८, २४, ३० महिने आणि तीन वर्षं अशा पाच. आठवड्याला फक्त एक नवजात बाळ येत राहिलं तर पहिल्या वर्षाच्या वयोगटातूनच वर्षाला ५२ गुणिले ७ म्हणजे ३६४ भेटी होतात. तेवढ्यावर मुलांची बाजू जिवंत राहते. नर्सरी सोडली की दोन वर्षांत उरतात ती शाळेच्या फॉर्मवर सही घ्यायला येणारी मोठी मुलं.

आता पैसा. बहुतेक नोकऱ्यांत पगाराचा मोठा भाग कामाच्या गुणांवर, म्हणजे आरव्हीयूवर ठरतो. जुन्या रुग्णाच्या मध्यम गुंतागुंतीच्या भेटीला, म्हणजे साखर, बीपी आणि गुडघा अशा नेहमीच्या आजोबांना, २०२१ पासूनच्या तक्त्यात १.९२ गुण आहेत. आधीपासून येणाऱ्या, वर्षाच्या आतल्या बाळाच्या नियमित तपासणीला १.३७. लस टोचल्याचे पैसे वेगळे मिळतात, पण त्यातला किती वाटा डॉक्टरच्या खात्यात जातो ते करारावर अवलंबून असतं. त्यात मुलांपैकी फार मोठा हिस्सा मेडिकेडवर, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्यावर असतो आणि मेडिकेड बहुतेक राज्यांत मेडिकेअरपेक्षा (ज्येष्ठांच्या सरकारी विम्यापेक्षा) कमी देतं. त्यामुळे व्यवस्थापन मुद्दाम कुणाला मुलांपासून दूर करत नसलं तरी प्रत्येक रिकाम्या जागेवर मोठा रुग्ण बसवणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं. मोठ्यांची प्रतीक्षायादी लांब, त्यांची औषधं आठ-आठ, भेटी वारंवार. दोन-तीन वर्षांत यादी भरते, नवे रुग्ण बंद होतात, आणि त्या वेळी जन्मलेल्या बाळाला जागा उरत नाही. आजी तुमची रुग्ण, आई तुमची रुग्ण, आणि नातू दुसरीकडे, हे दृश्य तिथूनच येतं.

म्हणून करारात दोन ओळी मागून घ्याव्यात. एक: मोठ्यांची यादी बंद झाली तरी पाच वर्षांखालच्या नव्या रुग्णांसाठी आठवड्यातल्या ठरावीक जागा खुल्या राहतील, आकडा लिहून घ्यावा, आठवड्याला चार ही वाजवी सुरुवात. दोन: पहिली दोन वर्षं पगार हमीचा असेल, गुणांवर नाही. बाळांची बाजू उभी राहायला तेवढा वेळ लागतोच. तोंडी 'हो हो, नक्की' याला काही अर्थ नसतो, कारण ते म्हणणारा मेडिकल डायरेक्टर वर्षभरात बदलतो.

हॉस्पिटलिस्टची वाट गेल्या काही वर्षांत बदलली आहे आणि जुन्या सल्ल्यांत हा बदल येत नाही. पूर्वी मेड-पेड्स झालेला डॉक्टर सरळ दोन्ही वॉर्ड सांभाळत असे. पेडियाट्रिक हॉस्पिटल मेडिसिन ही वेगळी उपशाखा झाली आणि तिची पहिली बोर्ड परीक्षा नोव्हेंबर २०१९ मध्ये झाली. सुरुवातीला अनुभवाच्या जोरावर परीक्षेला बसता यायचं. ती खिडकी आता बंद आहे आणि नव्या लोकांना दोन वर्षांची फेलोशिप लागते. मुलांच्या मोठ्या शिकवणाऱ्या हॉस्पिटलांत हे प्रमाणपत्र मागू लागले आहेत. छोट्या शहरांतल्या हॉस्पिटलांत ते मागत नाहीत, पण तिथे दुसरीच अडचण: मुलांचे वॉर्डच बंद होत चालले आहेत. खाटा रिकाम्या राहतात, पैसे कमी मिळतात, म्हणून जरा आजारी मूल दिसलं की अँब्युलन्सने मोठ्या केंद्राकडे रवाना. नोकरी घेताना वर्षाला किती मुलं दाखल झाली, किती पुढे पाठवली, आणि वॉर्ड पाच वर्षं चालू ठेवण्याबद्दल व्यवस्थापन काय म्हणतं, हे तिन्ही विचारून घ्यावं.

प्रिव्हिलेजेसचं गाडंही इथेच अडतं. हॉस्पिटल दर दोन-तीन वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी विचारतं: गेल्या काळात किती मुलं दाखल केलीत, किती प्रोसिजर केल्यात? आकडा कमी भरला की पेड्सची परवानगी आधी 'देखरेखीखाली' जाते आणि मग निघून जाते. बोर्डाचं प्रमाणपत्र भिंतीवर असूनही मुलाला दाखल करता येत नाही, असे डॉक्टर पुष्कळ आहेत. एकदा गेलेली परवानगी परत मिळवणं म्हणजे कुणाच्या तरी हाताखाली पुन्हा ठरावीक केसेस करून दाखवणं, आणि चाळिशीतल्या नोकरदाराला तेवढी सवड कुणी देत नाही. मोठ्यांच्या पुनरुज्जीवनाचं एसीएलएस, मुलांचं पाल्स आणि नवजात बाळाचं एनआरपी, ही तिन्ही प्रमाणपत्रं दर दोन वर्षांनी. एकाची तारीख जरी चुकली तरी शेड्यूलवरून नाव काढतात.

'अर्धं मोठ्यांकडे, अर्धं मुलांकडे' अशी विभागलेली नोकरी कागदावर सुंदर दिसते. प्रत्यक्षात दोन अर्ध्यांची बेरीज एक होत नाही, सव्वा होते. दोन विभागांच्या बैठका, दोन कॉलच्या याद्या, दोन प्रमुख, आणि नाताळच्या आठवड्यात दोघांचंही म्हणणं हेच की गेल्या वर्षी तुम्ही दुसरीकडे होतात. दोन्ही अर्ध्या नोकऱ्या शक्यतो एकाच संस्थेच्या पगारपत्रकावर असाव्यात, कॉलची एकूण संख्या एकाच ओळीत लिहिलेली असावी, आणि आरोग्य विमा व निवृत्तिनिधी कुठल्या बाजूने मिळणार ते स्पष्ट असावं. विमा म्हटल्यावर आणखी एक: व्यावसायिक विमा (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांसाठीचा) 'दावा येईल त्या वर्षीचा' या प्रकारचा असेल तर नोकरी सोडताना मागचं संरक्षण, ज्याला टेल म्हणतात, ते कोण भरणार हे आधी ठरवा. मोठ्या रुग्णांच्या दाव्याची मुदत बहुधा काही वर्षांत संपते, पण अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पुष्कळ राज्यांत ती बरीच लांबते. ज्याने दहा वर्षं नर्सरी सांभाळली त्याला टेल नसणं परवडत नाही.

फेलोशिपकडे वळू, कारण इथे व्हिसाचं गणित चुकतं आणि ते चुकल्याचं पाचव्या वर्षी कळतं. मेड-पेड्सनंतर मोठ्यांच्या किंवा मुलांच्या कुठल्याही उपशाखेत जाता येतं, शिवाय दोन्ही एकत्रही करता येतात. एंडोक्रिनॉलॉजी, ऱ्हुमॅटॉलॉजी, संसर्गजन्य आजार यांत मोठ्यांची फेलोशिप २ वर्षांची आणि मुलांची ३. एकत्र केली तर साधारण ४. अॅलर्जी-इम्युनॉलॉजी मुळातच दोन्ही वयोगटांची, २ वर्षांत संपते. त्यामुळे मेड-पेड्सवाल्यांसाठी कमी खर्चात सगळं हाती लागणारी ही शाखा, आणि म्हणून तिथे चुरसही मोठी. पॅलिएटिव्ह केअर, स्पोर्ट्स मेडिसिन, स्लीप एकेका वर्षाच्या. प्रौढांतल्या जन्मजात हृदयविकारासाठी आधी कार्डिओलॉजीची ३ वर्षं आणि मग आणखी २. या उपशाखेची पहिली बोर्ड परीक्षा २०१५ मध्ये झाली.

आता जे-१, म्हणजे परदेशी डॉक्टरांना प्रशिक्षणासाठी मिळणारा व्हिसा. त्यावर एकूण कमाल सात वर्षं. मेड-पेड्सची ४ आणि कार्डिओलॉजीची ३ झाली की सात संपली. जन्मजात हृदयविकाराची पुढची २ त्यात बसत नाहीत. एकत्र एंडोक्रिन केलं तर ४ अधिक ४, आठ. सातच्या पुढे मुदत मिळू शकते, पण त्यासाठी मायदेशाच्या सरकारचं विशेष गरजेचं पत्र लागतं आणि ते गृहीत धरून आखणी करू नये. थेट मेडिसिन केलं असतं तर ३ अधिक ३ अशी सहाच वर्षं झाली असती आणि हाताशी एक उरलं असतं. 'एक वर्ष जास्त' याचा खरा अर्थ हा आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेलात तर मूळ मर्यादा सहा वर्षांची. ४ अधिक २ बसतं, ४ अधिक ३ बसत नाही, जोवर ग्रीन कार्डाचा अर्ज वेळेत पुढे गेलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून होणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचा बोजा टाकणारा आदेश निघाल्यापासून तो रस्ता देणारे प्रोग्रॅम आणखी सावध झाले आहेत. म्हणून रँक लिस्ट पक्की करण्याआधी प्रोग्रॅमकडून व्हिसाचा प्रकार लेखी घ्या.

जे-१ चा आणखी एक नियम लोक विसरतात. प्रशिक्षणाची शाखा बदलायची तर एकदाच, आणि तीही देशात आल्यापासून दोन वर्षांच्या आत. मेड-पेड्सला लागून 'जमत नाही, नुसतं मेडिसिन करतो' असं ठरवायचं असेल तर ते दुसऱ्या वर्षाच्या आतच ठरवायला हवं, शिवाय मेडिसिनमध्ये जागा रिकामी असायला हवी.

रेसिडेन्सीनंतर जे-१ वाल्यांना दोन वर्षं मायदेशी जावं लागतं किंवा त्यातून सूट मिळवावी लागते. सूट मिळवण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे कॉनरॅड योजना: प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा, डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं, आठवड्याला किमान ४० तास. इथे मेड-पेड्सचं पारडं जड असतं. पुष्कळ राज्यं प्राथमिक सेवेला अग्रक्रम देतात आणि हॉस्पिटलिस्टला मागे ठेवतात. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रं अशा डॉक्टरांच्या शोधात असतात. तिथे मुलांच्या लसींची यंत्रणा आधीच उभी असते, रुग्ण सगळ्या वयांचे असतात, आणि व्यावसायिक विम्याचा भार केंद्र सरकारच्या कायद्याखाली जात असल्यामुळे टेलची कटकट नसते. पगार शहरी हॉस्पिटलपेक्षा कमी असतो, भेटी वीस मिनिटांऐवजी पंधरा मिनिटांच्या, आणि दुभाष्याचा फोन बहुतेक वेळ कानाला. पण दोन्ही बाजू खऱ्या अर्थाने चालू राहण्याची शक्यता इथे सगळ्यात जास्त.

फेलोशिपच्या पैशांबद्दल गैरसमज नको. मोठ्यांची कार्डिओलॉजी किंवा गॅस्ट्रो केली तर उत्पन्न वाढतं. मुलांची एंडोक्रिन किंवा संसर्गजन्य आजार केले तर तीन वर्षं जास्त शिकून साध्या हॉस्पिटलिस्टपेक्षाही कमी मिळू शकतं. हे माहीत असूनही तिकडे जाणारे जातात, आणि त्यांचं काही चुकतं असं नाही.

दोन बोर्डांची गरज कुठे खरोखर भासते असं विचाराल, तर लहानपणीचा आजार घेऊन मोठ्या झालेल्या रुग्णांत. अमेरिकेत सिस्टिक फायब्रोसिसचे निम्म्याहून जास्त रुग्ण आता प्रौढ आहेत. जन्मजात हृदयविकारातही प्रौढांची संख्या मुलांच्या पुढे गेली आहे. सिकल सेल, स्पायना बायफिडा, लहानपणी कर्करोगातून वाचलेले, यांची गोष्ट तीच. फॉन्टान शस्त्रक्रिया (जन्मतः एकच कामाचा कप्पा असलेल्या हृदयासाठीची) झालेला २४ वर्षांचा मुलगा साध्या इमर्जन्सीत आला की काय होतं ते बघा. ऑक्सिजन ८८ दिसतो, सगळे धावतात. तो त्याचा रोजचाच आकडा असू शकतो. यकृत सुजलेलं, म्हणून दारूची चौकशी होते. प्रत्यक्षात ती शिरांतल्या वाढलेल्या दाबाची करामत असते. सलाइनच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या रक्ताबरोबर तो मेंदूत जाऊ शकतो, म्हणून नळीला फिल्टर लावायचा असतो, आणि तो वॉर्डात कुठे ठेवलाय हे मोठ्यांच्या नर्सला माहीत नसतं. घाईने व्हेंटिलेटरवर घेतलं तर छातीतला दाब वाढून उरलंसुरलं रक्ताभिसरणही ढासळतं. मुलांच्या डॉक्टरला यातलं सगळं ठाऊक असतं, पण रुग्ण चोवीस वर्षांचा, शिवाय सिगारेट ओढणारा, आणि सोबत आई नसलेला. दोन्ही भाषा येणारा माणूस इथे लागतो.

अशा रुग्णांना मुलांच्या सेवेतून मोठ्यांच्या सेवेत नेणारे संक्रमण विभाग चालवणारे बहुधा मेड-पेड्सचेच लोक असतात. त्यांच्या कामात औषधाइतकीच कागदपत्रं येतात. अठराव्या वर्षी निर्णयाचा हक्क मुलाकडे जातो; बौद्धिक अपंगत्व असेल तर पालकत्वाचा अर्ज त्याआधी व्हायला हवा, आणि सरकारी अपंगत्व भत्ताही मोठ्यांच्या निकषांवर पुन्हा तपासला जातो. एकोणिसाव्या वर्षी मुलांचा सरकारी विमा संपतो. सव्विसाव्या वर्षी आईवडिलांच्या पॉलिसीतून नाव निघतं. या तीन वयांच्या आसपास औषधं तुटतात आणि माणसं थेट आयसीयूत उगवतात. नोकरी म्हणून बघितलं तर या विभागांना पैसा कमी आणि समाधान बरं. बहुतेकांचा निम्मा पगार हॉस्पिटलिस्टच्या कामातून निघतो.

प्रमाणपत्रं जिवंत ठेवणं हे आयुष्यभराचं काम आहे. मेडिसिनचं बोर्ड दर तिमाहीला ३० प्रश्न पाठवतं, पेड्सचं २०. म्हणजे वर्षाला २००, शिवाय पेड्सला गुणवत्तासुधारणेचे प्रकल्प आणि दोन्हीकडची फी. मोठ्यांच्या उपशाखेत गेलेले काही जण दहा वर्षांत पेड्स सोडून देतात. ते चूक नाही, पण सोडण्याआधी फोन करून हॉस्पिटलचे नियम विचारा. नर्सरीची परवानगी त्याच प्रमाणपत्रावर लटकलेली असू शकते.

'मग फॅमिली मेडिसिनच का नको?' तीन वर्षांत होतं, बाळंतपणंही शिकवतात, गावाकडच्या क्लिनिकसाठी उत्तम. मेड-पेड्समध्ये बाळंतपण नाही, पण गंभीर आजारी मुलं आणि मोठी माणसं खूप जास्त बघून होतात, आणि मेडिसिन व पेड्सच्या सगळ्या फेलोशिपची दारं उघडी राहतात. फॅमिली मेडिसिन करून कार्डिओलॉजीत जाता येत नाही. फेलोशिप किंवा हॉस्पिटल डोक्यात नसेल आणि शांतपणे क्लिनिकच करायचं असेल, तर ते चौथं वर्ष द्यायची गरज नाही.

भारतात परतण्याबद्दल थोडक्यात. अमेरिकेतली पदव्युत्तर पात्रता २००८ च्या राजपत्रातल्या अधिसूचनेनुसार इथे मान्य आहे. महाराष्ट्रात परतल्यावर राज्य परिषदेकडे दोन्ही पात्रतांची जादा नोंदणी करून घ्यावी. अडचण कायद्याची नाही, रचनेची आहे. इथल्या मोठ्या खासगी हॉस्पिटलांत मेडिसिन आणि बालरोग हे स्वतंत्र विभाग, स्वतंत्र ओपीडी. दोन्हीकडे बसणाऱ्याला दोन्हीकडचे लोक उपरा समजतात. रेफर करणारे डॉक्टरही बोर्डावर दोन शाखा बघून बिचकतात. शिवाय पुष्कळ सरकारी रुग्णालयांत बारा वर्षांवरचं मूल मोठ्यांच्या वॉर्डात जातं, म्हणजे टाइप वन मधुमेहाची किंवा थॅलेसेमियाची मुलं अठरा नाही तर बारा-तेराव्या वर्षीच बाजू बदलतात. पुण्या-मुंबईत याच मुलांसाठी संक्रमणाची ओपीडी काढता येईल, गरज उघड दिसते. पण पहिली काही वर्षं घर मोठ्यांच्या ओपीडीवर चालवायची तयारी ठेवून.

रँक लिस्टपुरतं सांगायचं तर, फेलोशिप नक्की कार्डिओलॉजी, गॅस्ट्रो किंवा ऑन्कोलॉजी अशी मोठ्यांचीच असेल तर मेडिसिन वर ठेवा. हॉस्पिटलिस्ट, सामुदायिक क्लिनिक किंवा लहानपणापासूनचे जुनाट आजार यांची ओढ असेल तर मेड-पेड्स वर, त्यातही स्वतःचं वेगळं मेड-पेड्स क्लिनिक असलेला प्रोग्रॅम पहिला. जिथे रेसिडेंट मोठ्यांची ओपीडी एका इमारतीत आणि मुलांची दुसऱ्या इमारतीत करतात, तिथे एकत्र काम करायला शिकवणारं कुणी नसतं. दोन्ही प्रोग्रॅमना मेल करून गेल्या पाच वर्षांच्या पदवीधरांची यादी मागा आणि नुसतं 'प्राथमिक सेवा' एवढं उत्तर आलं तर पुन्हा विचारा: यातले किती जण आज दोन वर्षांखालची मुलं बघतात? आणि मॅच लागल्यावर जे-१ साठी भारताच्या आरोग्य मंत्रालयाकडून गरजेचं पत्र मागवाल तेव्हा अर्जात इंटर्नल मेडिसिन आणि पेडियाट्रिक्स दोन्ही नावं एकत्र लिहा; एकच लिहिलं गेलं तर दुरुस्तीत आठवडे जातात, आणि रेसिडेन्सी १ जुलैच्या सुमारास सुरू होते.